पावशेर आणि बाकडं



या सदरात आतापर्यंत चकल्या झाल्या, बेळगावचा कुंदा झाला, उन्हाळ्यातले सांडगे-पापड झाले. मटणाचा विषय मात्र मी मुद्दाम टाळत होतो. आपल्या मंडळातली बरीच घरं शाकाहारी आहेत, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर त्यांच्यापुढे सत्तूर आणि ओंडका यावा असं मला वाटत नव्हतं. पण मागच्या महिन्यात निपाणीला गेलो तेव्हा आमच्या मटणवाल्या मामांनी मला असं काही सांगितलं की ते लिहिल्याशिवाय राहवेना. शाकाहारी वाचकांनी मटणाच्या जागी भजी घातली किंवा आमरस घातला, तरी चालेल. गोष्ट खाण्याची कमी आणि घरातल्या वयस्कर माणसांची जास्त आहे.

बंगळूरहून रात्री निघालेली बस पहाटे हायवेवर सोडते. घरी पोचलो, अंघोळ केली, तोवर आईनं हातात पिशवी दिली. "ताई आणि दाजी येणार आहेत जेवायला. मामांकडनं मटण घेऊन ये. तात्यांचं मी बघते, त्यांना पिठलं करते."

तात्या म्हणजे माझे वडील. अंगणात खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. गेल्या वर्षी तात्यांच्या छातीत दुखायला लागलं. बेळगावला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आठ दिवस सुट्टी काढून मी तिथं होतो. घरी आणल्यावर मी काही नियम केले. गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. मटण बंद. नुसतं घरात सांगून थांबलो नाही, तर बंगळूरला परत जाताना मामांना फोन केला आणि सांगितलं, "तात्या आले तर त्यांना मटण देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय." मामा म्हणाले, "बरं." मला फार जबाबदारीनं वागल्यासारखं वाटलं होतं.

निपाणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-बंगळूर हायवेवरचं हे तंबाखूचं गाव. कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५च्या आसपास. आमच्या गावातली पोरं ज्या देवचंद कॉलेजात जातात ते अर्जुननगरला आहे. म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, सायकलवरून रोज राज्य ओलांडायचं, यात आम्हाला कधी काही विशेष वाटलं नाही. तात्यांचा जन्म १९५६ च्या सप्टेंबरमधला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तात्या म्हणतात, "मला दात यायच्या आत माझं राज्य बदललं. मी पाळण्यात होतो, मला कोणी विचारलं नाही." पुढे १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. तात्या त्याच गल्लीत राहिले, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून नोकरी केली, आणि दर रविवारी त्याच दुकानातून मटण आणलं.

मामांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुढे जाळी, आत लोखंडी आकडे, मधोमध चिंचेच्या लाकडाचा ओंडका. चिंचेचं लाकूड चिवट असतं, त्याचा भुसा मटणाला लागत नाही, म्हणून खाटकाकडे बहुतेक चिंचच दिसते. आधीचा ओंडका मामांच्या वडिलांनी आणला होता. मधोमध घासून त्याची परात झाली, तेव्हा हा नवीन आला. बाहेर भिंतीला टेकून एक लाकडी बाकडं आहे. गर्दी असली की म्हातारी माणसं त्यावर बसतात.

माझा नंबर आला. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "किती माणसं? कोण कोण?"

"दाजी, ताई, त्यांची दोन पोरं, आई आणि मी."

"आनी तात्या?"

"तात्या नाहीत. त्यांना बंद आहे ना."

मामांनी सत्तूर ओंडक्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग मागच्या माणसाला म्हणाले, "तुमी या पुढं." आणि मला, "बाकड्यावर बसा जरा. गर्दी सरू दे. बोलायचं हाय तुमच्याशी."

अर्धा-पाऊण तास मी बाकड्यावर बसलो. बंगळूरला मी मटण ॲपवरून मागवतो. 'करी कट, ५०० ग्रॅम' एवढं दाबायचं, पाऊण तासात थंडगार पाकीट दारात. स्वच्छ असतं, वजन बरोबर असतं, तक्रारीला जागा नाही. उलट थंडीत मुरलेलं मटण मऊसुद्धा असतं. कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरतं, आणि पुढे एखादा दिवस थंडीत राहिलं की पुन्हा सैल पडतं. म्हणून एकतर अगदी ताजं चुलीवर चढवावं, नाहीतर नीट थंड ठेवून मग शिजवावं. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, मामांकडूनच कळलं आहे. ते म्हणतात, "नऊला नेलं आनी दोनला शिजाय टाकलं, मग मामा, मटान वातड दिलासा म्हून माझ्याच नावानं शिमगा."

बाकड्यावर बसून बघताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. ॲप कधीही 'कोण कोण जेवणार' असं विचारत नाही. मामा दुसरं काहीच विचारत नाहीत.

एक बाई आल्या, लेक बाळंतपणाला आलेली. मामांनी न विचारता चार पाय भाजून, खरवडून, तोडून दिले आणि वर सांगितलं, "मिरी घाला, चटनी घालू नका. मंद आचेवर सकाळपासनं ठेवा." पायात मांस नसतंच. हाडाभोवतीच्या शिरा आणि चिकट भाग तासन् तास उकळला की विरघळून पाण्यात उतरतो आणि रस्सा दाट होतो. एक आजोबा आले, दातांची कवळी खिशात. त्यांना खिमा. कॉलेजची पाच पोरं आली, खोलीवर बिर्याणी करणार होती. त्यांना मांडी आणि थोडी चाप. "सगळी मांडीच द्या की मामा," एक जण म्हणाला. मामा म्हणाले, "मांडी कोरडी पडते लेका. हाड न्हाई तर चव कुठनं येनार?" मग चिकोडीकडचं एक जोडपं आलं. "अर्ध किलो कोडरी." मामांनी त्यांच्याशी कानडीत घरची चौकशी केली, हसले, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगितला. दुकानाची पाटी कानडीत, भिंतीवरचं कॅलेंडर मराठी, आणि काट्याचे आकडे दोघांनाही कळणारे.

भावाचं विचाराल तर त्यावरून आमच्याकडे भांडणं होतातच. २०१९ च्या अखेरीस पलीकडे कोल्हापुरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर आले होते, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यावर साऱ्या महाराष्ट्रानं विनोद केले. मामांना त्यात दोन्ही बाजू दिसतात. "लोकांचं खरं हाय. रविवारचं मटान म्हंजे गरिबाची एकच चैन. पन माझा हिसाब बगा. २० किलोचं बोकड घेतलं, पैसे २० किलोचे दिले. मटान निगतं नऊ, लई झालं तर धा किलो. बाकी मुंडी, पाय, वजरी, कातडं. पैलं कातड्याचे बरे पैसे यायचे, त्यात गड्याचा पगार निगायचा. आता कातडं न्यायला मानूस बोलवावा लागतो."

कातड्याचा विषय आमच्या भागात जिव्हाळ्याचा आहे. कोल्हापुरी चपलेच्या वेणीसाठी शेळीचं कातडं वापरतात, आणि ती चप्पल नावानं कोल्हापुरी असली तरी निपाणी-अथणीकडेही पिढ्यान् पिढ्या बनते. काही वर्षांपूर्वी तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव आहे. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, पण चप्पल दोन्ही राज्यांनी वाटून घेतली.

मामांच्या डोक्यात एक पंचांग आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार दुकानात माशा मारायच्या. बुधवार, शुक्रवार बरा. रविवारी मान वर करायला वेळ नाही. आषाढात अमावास्येपर्यंत रीघ, आणि श्रावण लागला की सन्नाटा. मग महाळ, नवरात्रात पुन्हा शांतता, खंडेनवमीला गर्दी, आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस धुळवडीचा. महावीर जयंती आणि गांधी जयंतीला दुकान बंद. आमच्या परिसरात जैन शेतकऱ्यांची घरं पुष्कळ. आचार्य शांतिसागर भोजचे, आचार्य विद्यासागर सदलग्याचे, दोन्ही गावं इथून जवळच. मामांच्या शेजारचं किराणा दुकान एका जैन कुटुंबाचं आहे. मामा रोज सकाळी जाळीवर पडदा सोडतात तो त्यांच्यासाठी, आणि ते शेजारी मामांच्या आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसले होते. एकानं दुसऱ्याला बदलायचा प्रयत्न केल्याचं मी कधी ऐकलं नाही. मामा म्हणतात, "त्येंचं त्येंच्याजवळ बरोबर हाय. मी जीव घेतो, ते मला म्हाईत हाय. म्हून मी वाया काय जाऊ देत न्हाई. मुंडीपासनं खुरापत्तोर सगळं कुनाच्यातरी पोटात जातंय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांच्या दुकानात मांस टाकून दिलेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी उरलेली हाडं, चरबीचे तुकडे ते बाजूला ठेवतात. दुपारी गल्लीतल्या एक-दोन बायका येतात, विडीकाम करणाऱ्या. त्यांच्या डब्यात ते जातं. काट्यावर ठेवत नाहीत.

अकराच्या सुमारास गर्दी ओसरली. मामांनी हात धुतले, चहा मागवला आणि माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसले.

"तुमी बसलासा न्हवं, ही तात्यांची जागा."

मला कळलं नाही.

"दर रविवारी येत्यात. सातला येत्यात, नऊला जात्यात. वर्स झालं. मटान मागत न्हाईत. तुमी फोन केलासा, मी त्यांना सांगितलं, तात्या, पोरानं न्हाई म्हटलंय. ते म्हनाले, असू दे. मी नुसता बसतो."

आई सांगायची, तात्या रविवारी सकाळी फिरायला जातात, चांगले दोन तास चालतात. मी फोनवर शाबासकी द्यायचो.

"बसून काय करतात?"

"काय करनार? पेपर वाचून दावत्यात. कुनाच्या पोरीचं लगीन कुटं ठरलं, कुनाचं पोरगं कुटं लागलं, समद्यांची चौकशी करत्यात. नवीन लगीन झालेली पोरं येत्यात, त्यांना सांगत्यात काय घ्यायचं, अळनी कशी काढायची. मला गिऱ्हाईक सांभाळाय मदतच हाय." मामा हसले. "तुमी मटान बंद केलासा. पन रविवार बंद करून चालतंय का? रिटायर झाल्यावर वखारीतलं मानूस भेटत न्हाई. तुमी बंगळूरात, ताई कोल्लापुरात. त्यांना मानसं भेटायची जागा हीच."

मी गप्प बसलो. मग मामा आवाज खाली करून म्हणाले, "हे मी तुमाला सांगनार नव्हतो. मानसाच्या पिशवीत काय हाय ते दुसऱ्याला सांगू नये, असं माझा बा सांगायचा. तुमी बेळगावात इंजिनेरिंग शिकत होतासा तवा वखारीतलं काम कमी झालं होतं. तात्या पावशेर न्यायचे आनी वर हाडं मागून घ्यायचे, तुमी सुट्टीला आलासा की मातुर अर्धा किलो. त्येबी कदी कदी उधारीवर. त्येंनी समदी फेडली. मी कुनाला बोललो न्हाई. आज बोलतोय, कारन दुसरी गोष्ट झाली."

दुसरी गोष्ट अशी. दोन आठवड्यांपूर्वी मामांच्या एका गिऱ्हाइकानं तात्यांना हायवेवरच्या एका धाब्यावर पाहिलं. भर दुपारी, एकटेच. समोर मटणाचं ताट, रश्श्यावर बोटभर तेलाचा तवंग. ओळखीचा माणूस दिसल्यावर तात्यांनी मान खाली घातली.

"मला झोप लागली न्हाई," मामा म्हणाले. "माझ्या पावशेरात काय हाय ते मला म्हाईत हाय. त्या तर्रीत काय हाय, कवाचं तेल हाय, मीठ किती हाय, देवाला ठाऊक. आनी आयुष्यात ज्या मानसानं चोरून काय केलं न्हाई, ते सत्तरीला आल्यावर चोरून जेवतंय. हे बरं न्हवं."

चहा तसाच राहिला. मामांनी माझ्या पिशवीत मटण भरलं, वर आणखी एक छोटी पुडी ठेवली आणि म्हणाले, "ही पावशेर तात्यांची. मांडीचं हाय, चरबी सगळी काढलीया. द्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा. न्हाई दिलंसा तर बी मी राग मानत न्हाई. तुमी पोरगं हायसा त्येंचं. पन डॉक्टरला एकदा विचारा."

घरी आलो तो सरळ कपाटाकडे गेलो. तात्यांच्या दवाखान्याची फाईल काढली. गेल्या वर्षी ती मीच लावली होती, रंगीत खुणा करून. डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या सूचना होत्या. तेलकट कमी, मीठ कमी, तळलेलं टाळा. आणि पुढे मटणापुढे लिहिलं होतं: कमी. टाळा नव्हे, बंद नव्हे. कमी. त्या कागदावर 'कमी' आणि 'टाळा' हे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी होते आणि मी दोन्हींचा अर्थ शून्य असा लावला होता. माझ्या कामात एका अटीचं चिन्ह चुकलं तर टेस्टिंगमध्ये कोणीतरी पकडतं. इथं वर्षभर कोणी पकडलं नाही, कारण तपासणारा मीच होतो आणि ज्याच्यावर अट लावली होती तो माणूस तक्रार करत नव्हता.

सोमवारी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तात्यांचे अलीकडचे रिपोर्ट मागवून घेतले आणि संध्याकाळी सांगितलं: महिन्यातून दोनदा चालेल, चार तुकडे, चरबी काढलेलं, घरी केलेलं. कलेजी नको, भेजा तर अजिबात नको, त्यात कोलेस्टेरॉल फार असतं. तवंग काढून रस्सा वाटीभर. रोजचं चालणं खरोखरचं हवं, बाकड्यापर्यंतचं नाही. हे आमच्या तात्यांच्या रिपोर्टवरून त्यांच्यापुरतं सांगितलेलं आहे. तुमच्या घरच्यांसाठी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पण हे सोमवारचं. रविवारी दुपारी मात्र घरात वेगळंच झालं. आईनं अळणी काढली होती, म्हणजे हळद, मीठ, आलं-लसूण लावून तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी. आमच्याकडे रश्श्याआधी ते वाटीभर प्यायची पद्धत. घरभर वास होता. ताई-दाजी, पोरं पंगतीला बसली. तात्यांच्या पुढे पिठलं. त्यांनी भाकरी मोडली आणि पोरांना म्हणाले, "खावा, पोटभर खावा." गेलं वर्षभर पाहुणे आले की हे असंच होत असणार. मी पहिल्यांदा बघत होतो.

मी विचारलं, "तात्या, धाब्यावर कशाला गेलात?"

नको त्या वेळी, नको त्या माणसांसमोर विचारलं, हे तोंडातून निघाल्यावर कळलं. आईच्या हातातला चमचा थांबला. तात्या लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामानं सांगितलं?"

"हो."

"त्याला मी कधी कुणाचं सांगताना ऐकलं नाही. म्हणजे त्याला लईच लागलं असणार." थोड्या वेळानं म्हणाले, "घरात मागितलं असतं तर तुझ्या आईला नाही म्हणावं लागलं असतं. ती बिचारी वर्षभर माझ्यामुळं स्वतः खात नाही. तुला विचारलं असतं तर तू भिंतीवरचा तक्ता दाखवला असतास. मग कुणाला विचारायचं?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती खात नाही, हे मला माहीत नव्हतं. मामांपुढे माणसं मोजताना मी तिला मोजलं होतं, एवढंच.

त्या दिवशी ती छोटी पुडी फ्रीजमध्येच राहिली. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायचं नाही, यावर मी अडून बसलो, आणि तात्याही म्हणाले की विचारूनच दे, मला परत बेळगाव बघायचं नाही. सोमवारी फोन झाला. सोमवारी आमच्याकडे खात नाहीत. मंगळवारी आईनं ते पावशेर केलं. आधी अळणी, ती गार करून वर जमलेला तवंग काढला, मीठ निम्मं, संकेश्वरी मिरचीची चटणी रंगापुरती. चार तुकडे तात्यांना, उरलेले आईला. तात्या जेवून उठले आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय." वर्षभरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली तक्रार. भिंतीवरचा तक्ता मी काढला नाही, गोळ्यांसाठी तो लागतोच. पण खालची एक ओळ खोडून त्यांच्याच हातानं नवीन लिहून घेतली.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण एवढंच. आपल्यापैकी पुष्कळ जण लांब राहतो आणि फोनवरून आई-वडिलांची काळजी घेतो. काय खायचं नाही, किती चालायचं, कुठं जायचं नाही, हे सांगणं सोपं आहे, आणि सांगितलं की आपलं काम झालं असं वाटतं. मी कार्डावरचा एक शब्द नीट वाचला नाही. त्याहीपेक्षा, मटण आणायला जाण्यात तात्यांचं काय काय होतं, ते मी कधी विचारलं नाही. ते ज्याला ठाऊक होतं तो माणूस मटण विकतो. स्वतःचं गिऱ्हाईक जाईल याचा विचार न करता त्यानं माझं ऐकून वर्षभर विक्री थांबवली, आणि वेळ आली तेव्हा स्वतःचा नियम मोडून तोंड उघडलं.

मामांना मी निघताना विचारलं, तुमच्यावर लिहू का? म्हणाले, "लिवा की. नाव घालू नका. गावात समद्यांना कळतंयच, आनी भाईरच्यांना कळून काय करायचं?" मग म्हणाले, "तुमच्या त्या ॲपात मटान कुनी तोडतंय, त्येला कोन खानार ते म्हाईत असतंय का?" मी नाही म्हणालो. "मग तुकडे समान करत असतील," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

आता महिन्यातून दोन रविवारी सकाळी माझ्या फोनवर मामांचा मिस कॉल येतो. मी परत लावतो. "तात्या आल्यात. पावशेर दिलंय. मांडीचं," एवढं सांगून ते फोन ठेवतात. मागून सत्तूराचा आवाज येत असतो, आणि त्याच्याही वरच्या पट्टीत कोणातरी नव्या नवरदेवाला अळणी कशी काढायची ते समजावून सांगणारे तात्या ऐकू येतात.